दूरच्या यंत्राला धाडलेला निरोप

जुन्या सावकारी व्यवहारात एका गावची रक्कम दुसऱ्या गावी पोहोचवायची, तर सहसा रोकड पाठवीत नसत, हुंडी लिहीत. त्या हुंडीत रक्कम आकड्यांत असे, अक्षरांत असे, आणि शिवाय ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ अशी पुस्तीही असे. सावकाराला शब्द वाढविण्याची हौस नव्हती. कागद वाचणारा माणूस दूर आहे, लिहिणारा त्याच्याजवळ खुलासा करायला नाही, म्हणून कागदानेच स्वतःचा अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला पाहिजे, हे तो जाणून होता.

हाच प्रश्न संगणकांपुढे नव्या रूपाने उभा राहिला. एका यंत्रावरील आज्ञावलीला दुसऱ्या यंत्राकडून काम करून घ्यायचे असेल तर काय करावे? १९८४ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी या विषयावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. जवळचे काम सांगावे तितक्याच सहजपणे दूरच्या यंत्राला काम सांगता यावे, ही त्यामागची कल्पना. पुढे १९९८ च्या फेब्रुवारीत ‘एक्सएमएल’ ही खुणांनी मजकूर बांधण्याची पद्धत अधिकृतपणे मान्य झाली. आणि त्याच वर्षी डेव्ह वाइनर यांनी मायक्रोसॉफ्टमधील काही तज्ज्ञांच्या सहकार्याने तिच्या आधारे ‘एक्सएमएल-आरपीसी’ हा दूरस्थ निरोपाचा साधा नियम सिद्ध केला.

या नियमाचे सौंदर्य त्याच्या काटकसरीत आहे. निरोपात कामाचे नाव असते आणि त्यापाठोपाठ त्या कामासाठी लागणारी मूल्ये. प्रत्येक मूल्याभोवती त्याची जात सांगणारी खूण असते: हा पूर्णांक, हा दशांश, हे होय किंवा नाही, हा मजकूर, ही तारीख-वेळ, आणि चित्रासारख्या वस्तूंसाठी अक्षरांत बांधलेले गाठोडे. यांखेरीज दोनच संग्रह: क्रमाने लावलेली यादी आणि नावनिशीवार मांडलेली नोंद. निवृत्तिवेतनधारकाचे नाव, क्रमांक, जन्मतारीख आणि रक्कम एवढे सारे अशा एका नोंदीत बसते.

गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे आणलेल्या पायथन या भाषेत २००१ पासून यासाठी तयार साधने आहेत. त्यांतील एक क्रिया मूल्ये घेऊन निरोप बांधते, दुसरी आलेला निरोप सोडविते. बांधणारी क्रिया प्रत्येक मूल्याची जात ओळखते आणि योग्य ती खूण चढविते. एखाद्या पेढीच्या नावात ‘&’ हे चिन्ह आले, तर त्याच्या जागी ठरीव संकेत घालते; कारण ते चिन्ह खुणांच्या भाषेतलेच आहे, आणि तसेच सोडले तर वाचणारे यंत्र मजकुरालाच खूण समजेल. सोडविणारी क्रिया याच्या उलट चालते आणि शेवटी मूल्ये व कामाचे नाव हाती ठेवते. उत्तराऐवजी दोषाचा निरोप आला असेल, तर दोषाचा क्रमांक व कारण सांगून ती तिथेच थांबते.

येथवर सारे सुरळीत वाटते. परंतु बांधलेले आणि सोडविलेले तंतोतंत एकच असेल, असे मात्र समजू नये. या नियमातील पूर्णांक बत्तीस द्विअंकी स्थानांचा आहे. २,१४,७४,८३,६४७ ही त्याची वरची मर्यादा. भारतातील दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांक सहा ते नऊ या अंकांनी सुरू होतात. म्हणजे त्यांपैकी एकही या मापात मावत नाही. असा क्रमांक पूर्णांक म्हणून दिला, तर पायथन सरळ नकार देते. ‘काहीच नाही’ हे मूल्य मूळ नियमात नसल्यामुळे, मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज तेही स्वीकारले जात नाही. हा नकार त्रासदायक खरा, पण प्रामाणिक आहे. चूक दाराशीच उघडकीस येते.

खरा धोका न बोलता होणाऱ्या बदलाचा. ००४५१२ हा खातेक्रमांक पूर्णांक मानला, की पुढील दोन शून्ये गळतात आणि दूरच्या दप्तरात ४५१२ क्रमांकाचा कोणी दुसराच मनुष्य उभा राहतो. क्रमांक दिसतो संख्येसारखा. पण ज्याची बेरीज कधी करायची नाही, तो मजकूर म्हणूनच धाडावा. वेळेचेही तसेच. या नियमात तारीख आणि घड्याळ लिहितात, घड्याळ कुठल्या देशाचे ते लिहीत नाहीत. पायथनमधील वेळेला देशकालाची माहिती जोडलेली असली, तरी निरोप बांधताना ती निमूटपणे गळून पडते. मुंबईत सकाळी साडेदहाला केलेली नोंद लंडनमधील यंत्राने आपल्या साडेदहाची मानली, तर हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि मुदतीत आलेला अर्ज उशिराचा किंवा उशिराचा अर्ज मुदतीतला ठरू शकतो. म्हणून सर्व वेळा एकाच प्रमाणवेळेत लिहाव्यात, असा करार दोन्ही बाजूंनी आधीच करावा लागतो.

आणखी एक सावधगिरी हवी. निरोप सोडविणे म्हणजे परक्याने पाठविलेले गाठोडे घरात उघडणे. एक्सएमएलच्या रचनेत एका लहान संकेताचा पुनःपुन्हा विस्तार करून वाचणाऱ्या यंत्राची स्मृती व्यापून टाकता येते. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या निरोपाविषयी पायथनच्या अधिकृत मार्गदर्शनातही इशारा दिलेला आहे. पाठविणारा कोण, याची खात्री गाठ सोडण्यापूर्वी करावी लागते.

यंत्राला निरोपाचा आशय कळत नाही, फक्त खुणा कळतात. शून्ये गळालेला क्रमांक त्याला चुकीचा वाटत नाही; पण त्या क्रमांकामागे महिनाअखेरीस वेतनाची वाट पाहणारे एक घर असते. हुंडीवर ‘निमे’ लिहिणाऱ्या सावकाराने जी काळजी घेतली, तीच आज्ञावली लिहिणाऱ्यालाही घ्यावी लागते. माध्यम बदलले, पण निरोपाचा अर्थ सांभाळण्याची जबाबदारी पूर्वी माणसाची होती, आणि आजही ती त्याचीच आहे.