वजनाचा हिशेब

वायुदलात वीस वर्षं काढली म्हटलं की आमच्या माणिकपूरची मुलं पहिला प्रश्न विचारतात, ‘चाचा, लढाऊ विमान होतं का?’ नव्हतं. आमचं विमान ओझं वाहणारं, एएन-३२. दोन पंखे, मागे उघडणारं दार आणि आत कान बधिर करणारा आवाज. १९८८ साली मी भरती झालो आणि पुढे या विमानावर लोडमास्टर झालो.

लोडमास्टरचं काम म्हणजे वजनाचा हिशेब. कोणता डाग पुढे, कोणता मागे, हे ठरवून तो पट्ट्यांनी जखडायचा. हवेत ओझं सरकलं तर विमानाचा तोल जातो. त्यातून लेहची धावपट्टी सुमारे १०,७०० फुटांवर. तिथं हवा विरळ, इंजिनाची ताकद घटते. ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते आणि दुपारी वारा सुटतो. म्हणून लेहची फेरी सकाळीच उरकायची.

लेह, थोइस, जोरहाट, कार निकोबार... नावं ऐकून लोकांना मोठी मुलूखगिरी वाटते. अम्मी विचारायची, ‘काय काय पाहिलंस रे?’ मी म्हणायचो, ‘धावपट्टी!’ माल उतरवायचा आणि ढग येण्याआधी परतायचं. पाहणार काय?

वर जाताना तांदूळ, औषधं, भाजीपाला आणि टपालाच्या पिशव्या. टपालाचं वजन ते किती, पण जवान आधी तेच उतरवायला सांगत. खाली येताना सुट्टीवर निघालेली पोरं, हवामानापायी दिवसचे दिवस अडकलेली. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, त्यांच्या जागी शवपेट्या आल्या. त्यांचंही वजन तक्त्यात किलोत लिहावं लागतं. त्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी माझ्या पहिल्या कविता लिहिल्या. बीए पत्राद्वारे केलं तेही याच नोकरीत.

७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांना घेऊन चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ खराब हवामानामुळे मागे वळलं आणि रोहतांगच्या बाजूला नाहीसं झालं. त्याचे अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना दिसले. पुढे शोध चालूच राहिला आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस बर्फातून आणखी चार मृतदेह मिळाले. छप्पन्न वर्षांनी! २२ जुलै २०१६ रोजी २९ जणांसह चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेल्या एएन-३२ चे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी आढळले. त्या घरांनी इतकी वर्षं कशी काढली असतील!

आमच्या कामाचं मोल मला इथं कळतं. लढाई कोण लढलं ते इतिहासात येतं. लढणाऱ्याच्या ताटात भात कसा पोचला, हे सहसा येत नाही. पण नेलेला माणूस घरी परत आणणं हेही त्याच कामात मोडतं, मग त्याला छप्पन्न वर्षं लागोत. म्हणून मुलांना मी सांगतो, वायुदलात जरूर जा, आणि ओझ्याचं विमान वाट्याला आलं तर हिरमुसू नका. कोणाच्या तरी घरी त्याचीच वाट पाहत असतात.