ओसरीवरून माणदेशात

दुपारची भांडी आवरून, कोणी तांदूळ निवडत, कोणी गोधडीला टाके घालत ऐकत असाल. हात चालू राहू द्या. आम्हीही तसंच करतो.

आज प्रवासाचं बोलायचं आहे. आपल्या वाट्याला येणारे प्रवास मोजकेच. माहेर, लग्नकार्य, दवाखाना आणि जमलं तर एखादं देवदर्शन. तेही कोणाच्या तरी सोबतीनं, कोणाच्या तरी सवडीनं. आम्ही गटातल्या अकरा जणी गेल्या वर्षीपासून आणखी एक प्रवास करतोय. त्याला तिकीट नाही, पिशवी भरावी लागत नाही आणि संध्याकाळी धार काढायच्या वेळेला घरी हजर राहता येतं. आम्ही कादंबरी वाचतो आणि ती ज्या गावावरून सुचली ते खरं गाव नकाशात शोधून काढतो.

कादंबरीतलं गाव बनावट असतं, असं आपण धरून चालतो. पण पुष्कळ लेखकांनी खरं गाव डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं. कोणी नाव बदलतो, कोणी तसंच ठेवतो. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ घ्या. तुंबाड हे गाव खेड तालुक्यात खरोखर आहे, आणि जगबुडी नदीही खरी आहे. आम्ही मात्र सुरुवात त्या दोन जाड खंडांनी केली नाही. पहिलं पुस्तक लहान हवं होतं. वाचनालयातून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणली. १९५५ सालचं पुस्तक, हातात मावेल एवढं. वाचणारी एक, ऐकणाऱ्या दहा. शाळेतून महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा मागून आणला आणि ओसरीच्या खुंटीला टांगला.

आमचा मुलूख भाताचा. आषाढात पंधरा दिवसांत आमच्याकडे जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा माणदेशाला कित्येकदा वर्षभरात मिळत नाही. सातारा जिल्ह्यातला माण, सांगलीतला आटपाडी, सोलापुरातला सांगोला असे तालुके एकमेकांना लागून आहेत. मधून माणगंगा नदी वाहते आणि पुढे भीमेला मिळते. वाहते म्हणायचं, पण वर्षातले पुष्कळ महिने तिच्यात वाळूच दिसते. माडगूळकर याच आटपाडी तालुक्यातल्या माडगूळ्याचे. तरुणपणी ते तिकडे शाळामास्तर होते. त्याच तालुक्यातली लेंगरेवाडी हीच पुस्तकातली बनगरवाडी, असं मानतात.

पुस्तकातला मास्तर राजाराम सौंदणीकर असाच कोवळ्या वयात धनगरांच्या वाडीवर नोकरीला जातो. शाळा आहे, पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागं. पोरगं शाळेत बसलं तर मेंढरं कोणी राखायची? म्हातारा कारभारी मदतीला येतो, तेव्हा कुठे शाळा भरते. मग मास्तर कोणाची पत्रं लिहितो, कोणाचा बाजार आणतो, भांडणंही मिटवतो. पुढे वाडीतली माणसं अंगमेहनतीनं तालीम बांधतात आणि तिच्या उद्घाटनाला राजा येतो.

हा राजाही हवेतला नव्हे. त्या काळी आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना व्यायामाचं, सूर्यनमस्कारांचं फार वेड. चित्रंही काढायचे. तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो हे वाचून आधी आम्हाला हसू आलं, पण हा इतिहास कळल्यावर वाटलं, असा राजा येणारच. याच संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत काढली. तिला तुरुंगासारख्या भिंती नाहीत, कैदी शेती करतात आणि बायकामुलं सोबत राहू शकतात. ती आजही आहे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा सिनेमा तिच्यावरूनच निघाला आणि त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे व्यंकटेशरावांच्या थोरल्या भावानं. एका कादंबरीचं बोट धरून गेलं की अशी शेजारची घरंही दिसतात.

आता वाचताना आमची ओसरी जिथे गप्प झाली, तिथलं सांगतो.

वाडीतल्या शेकूला नांगरणीला एक बैल कमी पडतो. वाफसा निघून चाललेला. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी जुवाला खांदा देते. पुस्तकात हे चारचौघांसारखं सांगितलंय, आरडाओरडा नाही. वाचणारी थांबली. आमच्यातल्या सगळ्यात वडील आजी म्हणाल्या, “माझ्या सासूनं ओढली होती चिखलातली फळी. लावणीच्या तोंडावर बैल मेला होता.” त्या साठ वर्षं या गावात आहेत. ही गोष्ट आम्ही पहिल्यांदाच ऐकली.

मग वाद झाला. एक म्हणाली, केवढी हिंमतीची बाई! दुसरी म्हणाली, हिंमत कसली, तिला विचारलं कोणी? आम्हाला वाटतं, दोघींचंही खरं आहे. पण त्या रात्री तिच्या खांद्याला कोणी शेक दिला का, भाकऱ्या तिनंच थापल्या का, हे पुस्तकात सापडत नाही. सापडणार कसं? गोष्ट सांगतोय एक बिनलग्नाचा परका मास्तर. त्याला वाडीचं रान दिसतं, चावडी दिसते, माणसं दिसतात. चुलीपाशी त्याला कोण बसवून घेणार! लेखकानं जिथपर्यंत पाहिलं तिथपर्यंत त्यानं प्रामाणिकपणे नेलंय. पुढचं घर आपल्याला माहीत असतं. ते आपण भरायचं.

तेव्हापासून आमची एक खोडच झाली. पुस्तकातली बाई कुठवर जाते, हे आम्ही नकाशावर बघतो. बनगरवाडीतला मास्तर गावी जातो, बाजाराला जातो, राजाला भेटायला जातो. आणि कारभाऱ्याची लेक अंजी? तिची चोळी शिवून आणायचं कामसुद्धा मास्तराकडे येतं, आणि तेवढ्यावरून कारभाऱ्याच्या मनात भलता संशय शिरतो. शिंप्यापर्यंतचा रस्ता तिचा नाही. आमच्यातल्या धाकट्या वहिनी म्हणाल्या, “माझंही मापाचं ब्लाऊज सासरेच नेतात तालुक्याला.” सगळ्या हसल्या. नंतर हसू विरलं.

या पुस्तकाचा आणखी एक उपयोग झाला, तोही सांगायला हवा. दिवाळीनंतर भात कापून झालं की आमच्या खाचरांत धनगरांचे वाडे उतरतात. शेतात मेंढ्या बसवतात, खत होतं, आम्ही धान्य देतो. वर्षानुवर्षं येतात. घोड्याच्या पाठीवर संसार, त्यावर कोंबड्या, कधी वर बसवलेलं लेकरू. आम्ही त्यांच्याशी बोललो ते मेंढरं बांधावरून हाकला, एवढंच. गेल्या वर्षी पहिल्यांदा विचारलं, “बाई, तुमचं गाव कोणतं?” “म्हसवडच्या अंगाला,” ती म्हणाली. म्हसवड आम्हाला ठाऊक होतं, माणगंगेच्या काठचं! आम्ही नदीचं नाव घेतलं तर ती बघतच राहिली. बनगरवाडीची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, “आमच्यावर पुस्तक? त्यात दुष्काळात मेंढरं मरत्यात का?” मरतात, आम्ही म्हणालो. शेवटी पाऊस पडत नाही आणि वाडी रिकामी होते. “मग खरं हाय,” ती म्हणाली आणि कोकरू उचलून चालू लागली.

खरं आहे, पण आता सगळं तसंच राहिलेलं नाही. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूपाशी कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याकडे आणलंय. तिकडची डाळिंबं आता नावाजलेली आहेत. पुस्तक हातात धरून कोणी तिथे गेलं आणि सगळीकडे उजाड माळच बघायचा म्हणालं, तर तिथल्या बाया नीट हसतील. कादंबरीतलं गाव एका काळाचं असतं. आजचं गाव बघायचं तर आजच्या माणसाला विचारावं लागतं.

दुसरा प्रवास लांबचा झाला, बंगालचा. विभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’, १९२९ सालची. आमच्या वाचणारीनं हिंदी पुस्तक घेतलं आणि एकेक प्रकरण मराठीत सांगितलं. त्यातलं निश्चिंदिपूर हे गाव लेखकानं रचलेलं, पण त्याला माती मिळाली ती त्यांच्या लहानपणच्या बराकपूरची. नकाशात शोधाल तर जपून. कोलकात्याजवळ त्याच नावाचं मोठं छावणीचं शहर आहे, ते हे नव्हे. हे खेडं बनगावच्या बाजूला, बांगलादेशच्या हद्दीकडे, इच्छामती नदीच्या काठचं. पाण्याचा, बांबूचा, तळ्यांचा आणि भाताचा मुलूख. तिथे आम्हाला परकं वाटलंच नाही. गळकं छप्पर, परगावी गेलेला नवरा, उसनवारीचे तांदूळ आणि शेजारणीचे टोमणे, सगळं ओळखीचं.

दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू यांना रेल्वे बघायची असते. एकदा दोघं रूळ शोधायला निघतात आणि वाट चुकून परत येतात. पुढे दुर्गा तापानं फणफणते, तेव्हा भावाला म्हणते की बरी झाल्यावर मला रेल्वे दाखवशील ना. ती बरी होत नाही. नंतर अपू आईवडिलांबरोबर त्याच रेल्वेत बसून गाव सोडतो. सत्यजित राय यांच्या सिनेमात भावंडं उंच पांढऱ्या तुऱ्यांच्या रानातून रेल्वे बघायला धावतात. तो सिनेमाही १९५५ सालचा, आमच्या बनगरवाडीच्याच वर्षीचा. सिनेमातलं ते धावणं सुंदर आहे, पण आम्हाला पुस्तकातलं जास्त लागलं. तिथे दुर्गेला रेल्वे दिसतच नाही.

ते प्रकरण संपलं त्या दिवशी कोणीतरी सहज विचारलं, आपल्यात रेल्वेत न बसलेल्या किती? चार हात वर आले. त्यात आमच्या आजी होत्या, ज्यांच्या सासूनं फळी ओढली. आणि बावीस वर्षांची एक सूनही होती, जिचा नवरा दर महिन्याला रेल्वेनं मुंबईला जातो.

एका घरातून प्रश्न आला की पुस्तकं वाचून पोट भरतं का? नाही भरत. आम्ही तसं कधी म्हटलंही नाही. पण हप्ता गोळा करायला बाया जमल्या तर कोणी विचारत नाही, आणि गोष्ट ऐकायला जमल्या तर लगेच विचारतात, हे आम्ही टिपून ठेवलंय. म्हणून वाचन हप्त्याच्याच दिवशी ठेवलंय. आधी हिशोब लिहून घ्यायचा, मग पुस्तक उघडायचं.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर फार काही लागत नाही. वाचनालयाची एक वर्गणी, न कंटाळता मोठ्यानं वाचणारी एक जण आणि एक नकाशा. पुस्तक पातळ घ्या. अडलेला शब्द आधी म्हाताऱ्या बायांना विचारा, मोबाइल मागाहून. जुवाचे, मोटेचे, मेंढरांचे शब्द त्यांच्याकडे असतात. अक्षर न येणारी बाई अशा वेळी सगळ्यांची मास्तरीण होते.

आमचं पुढचं पुस्तक ‘तुंबाडचे खोत’. पावसाळ्यात वाचणार आहोत, जगबुडीला पूर असताना. आणि दर हप्त्याबरोबर आम्ही अकरा जणी वीस रुपये वेगळे काढतोय. त्यांचा डबा वेगळा आहे. भात कापून झालं की चौघींना घेऊन रेल्वेत बसायचं आहे. किती स्टेशनं जायचं, यावर अजून एकमत नाही. आजी म्हणतात, खिडकीची जागा मिळाली तर एक स्टेशनही पुरे. सून म्हणते, मुंबईपर्यंत.