घाटेअळीचे कूळ

हरभऱ्याच्या घाट्यात डोके खुपसून अर्धे अंग बाहेर ठेवणारी अळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोला भोक पाडणारी अळी आणि कापसाची हिरवी बोंडअळी या चौघी एकच. शेतकऱ्याकडून मात्र चौघींचे वेगळे बिल वसूल होते. (हशा) शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. गण, कूळ, प्रजाती, जाती ही मोठ्या गटाकडून लहान गटाकडे येणारी उतरंड शाळेतच पाठ झालेली असल्याने तिची उजळणी नको.

हिचे कूळ नॉक्टुइडी, उपकूळ हेलिओथिनी. कीटकशास्त्रज्ञ ह्यूबनरने १८०८च्या सुमारास या अळीच्या पतंगाचे वर्णन केले, तेव्हा त्याला नॉक्टुआ प्रजातीत घातले. पुढे तो दीर्घकाळ हेलिओथिस प्रजातीत राहिला. १९६५मध्ये हार्डविकने हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली. म्हणूनच जुन्या पुस्तकांत हाच पतंग हेलिओथिस नावाने भेटतो.

नावांचा हा खटाटोप संग्रहालयातल्या लोकांचा रिकामा उद्योग असल्याचा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो टिकत नाही. अमेरिका खंडात हेलिकोव्हर्पा झिया ही सख्खी भावंड जाती राहते. दोन्ही पतंग बाहेरून इतके सारखे, की खात्री करायला नराच्या जननांगांचे विच्छेदन किंवा डीएनए तपासणी करावी लागते. ब्राझीलमध्ये कापूस आणि सोयाबीनवर अळ्यांचा उच्छाद वाढला. ही झियाच असावी, असे आधी वाटले. २०१३मध्ये तपासणीत आर्मिजेरा निघाली. जुन्या जगातली ही कीड अटलांटिकपार पोहोचली होती, आणि पुढे तेथे दोन जातींचे संकरही सापडले. गंमत अशी, की आपल्याकडे तिला आधीपासूनच ‘अमेरिकन’ बोंडअळी म्हणतात. (हशा)

ब्राझीलने बराच वेळ घेतला. कापसाकडे वळणे भाग आहे. बोंडात तीन अळ्या सापडतात आणि तिघींची कुळे तीन : हिरवी नॉक्टुइडी कुळातली, ठिपक्यांची नोलिडी, तर गुलाबी गेलेकिइडी कुळातली. कामगंध सापळ्यातील ल्यूर प्रत्येकीचा वेगळा. हिरवीसाठीच्या हेलील्यूरकडे गुलाबीचा नर फिरकत नाही. हिरवीला मारणारा एचएएनपीव्ही विषाणू गुलाबीवर चालत नाही. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर हिरवीचा जोर ओसरला. गुलाबीने मात्र पुढे प्रतिकारशक्ती मिळवली आणि २०१७मध्ये महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले.

वेळ संपत आल्याने जीवनक्रम थोडक्यात. मादी अंडी सुटी सुटी घालते, अळी हिरवी ते तपकिरी कुठल्याही रंगाची असते, कोष जमिनीत होतो. तेव्हा रंगावरून जात ठरत नाही. फवारणीचा पंप खांद्यावर घेण्याआधी अळी कृषी विज्ञान केंद्रात दाखवून तिची जात ठरवून घ्यावी. उपाय त्यानंतरच निवडावा.