वाय-फाय आहे, पण इंटरनेट नाही

मोबाइलवर वाय-फायचं चिन्ह पूर्ण दिसतं, तरी काहीच उघडत नाही. असं का होतं? वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. ती फक्त मोबाइल आणि घरातला राऊटर यांच्यातली बिनतारी जोडणी. पुढची वाट बहुतेक घरांत केबलची.

राऊटर प्रत्येक उपकरणाला आकडी पत्ता देतो, तोच आयपी पत्ता. संकेतस्थळांनाही असेच पत्ते असतात. एवढे आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून १९८३ साली संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. आपण नाव टाइप करतो, ती आकडी पत्ता शोधून देते. मला हे सामान्य माणसावरचं मोठंच ऋण वाटतं.

पण अडचण वाय-फायच्या पुढच्या वाटेवरही असू शकते. तेव्हा नेट बंद पडलं, की आधी राऊटरचे दिवे पाहा. फायबर जोडणीत ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला असेल, तर मोबाइलला दोष देऊ नका, सेवा कंपनीला कळवा.