पळणाऱ्याला थांबायला शिकवताना
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअरमधलं करिअर’ या विषयावर दहा मिनिटं दिली होती. आपल्या बॅचमधले सॉफ्टवेअरवाले मोजले तर एक अख्खी तुकडी भरेल, म्हणून परवानगी घेऊन विषय बदलला आहे. मी घोड्यांबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकावरून हसू येतंय ते ऐकू आलं, सवय आहे मला त्याची.

गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी महालक्ष्मीला घोडेस्वारीच्या स्पर्धांमध्ये लेखनिक म्हणून बसते. ड्रेसाज नावाचा प्रकार आहे. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद आखाडा, कडेला अक्षरं लावलेली. स्वार एकटा आत येतो आणि ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली गोष्ट करतो: इथे दुडकी, तिथे वर्तुळ, मधोमध थांबा. परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात, अर्धा गुणही चालतो. त्यांना नजर घोड्यावरून काढता येत नाही, म्हणून आकडा आणि शेरा ते बोलतात आणि मी लिहिते. दहावीच्या परीक्षेत लेखनिक असतो, तसंच. आपलं मत सांगायचं नाही, चेहराही कोरा ठेवायचा. कचेरीतल्या बैठकांमुळे हे मला सोपं गेलं.

लालबाग-परळमध्ये घोडा म्हटलं की रेस, हे आपल्याला घरातच कळलेलं. गिरणीचा पगार हातात पडला की कोण सातरस्त्याच्या दिशेनं निघतो, यावर चाळीतल्या बायकांची नजर असायची, असं आजी सांगायची. त्यामुळे मी महालक्ष्मीला जाते म्हटल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, ‘पैसे लावतेस का?’ नाही लावत. पण घोडा या शब्दाला आपल्याकडे चिकटलेला डाग त्या जनावराचा नाही, एवढं मला तिथे जाऊन कळलं.

आता खरा मुद्दा. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचं आयुष्य कसं आखलेलं असतं बघा. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू जानेवारीत जन्मो की एप्रिलमध्ये, कागदावर सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारी. या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. तसं झालेलं शिंगरू वंशावळीच्या पुस्तकात चढतच नाही. दुसऱ्या वर्षी शर्यती सुरू होतात, हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे. इंडियन डर्बी १९४३पासून होते, २४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. आणि पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत बहुतेकांचं पळणं संपतं. घोडा जगतो पंचवीस वर्षं, कधी त्याहून जास्त. म्हणजे उरली वीस वर्षं. त्यांचं काय करायचं?

निवडक घोडे आणि घोड्या पैदाशीला जातात. बाकीच्यांचा एक रस्ता एकेकाळी आपल्या शाळेपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी यायचा. परळचं हाफकिन! १८९९मध्ये प्लेगची प्रयोगशाळा म्हणून जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये सुरू झालेली ही संस्था. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत, हळूहळू वाढवत टोचायचं. त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, त्यापासून सर्पदंशावरची लस बनते. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जात. घोडे आपले, तर लस आपणच का बनवू नये, असं सायरस पूनावालांना वाटलं आणि १९६६मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोविडमध्ये आपल्यापैकी अनेकांनी दंडावर घेतलेल्या लसीचं मूळ असं तबेल्यापर्यंत पोचतं.

दुसरा रस्ता मला जास्त जवळचा आहे. तो म्हणजे घोड्याला पुन्हा शाळेत घालणं. हे ऐकायला गोड वाटतं, करायला फार चिवट काम आहे. शर्यतीच्या घोड्याला लगाम ताणला की त्यावर भार टाकून पुढे रेटायची सवय असते. आपल्याला जो ‘थांब’ वाटतो, तो त्याला ‘चल’ वाटतो. शर्यती ज्या बाजूला वळतात त्या बाजूला तो सहज वळतो, दुसरीकडे मान लाकडासारखी. पाठीवर माणूस बसला की पळायचं, एवढंच त्याला माहीत. मग पहिले कित्येक महिने नुसतं चालणं. चालणं, थांबणं, उजवं वर्तुळ, डावं वर्तुळ. साडेचारशे-पाचशे किलोंचं जनावर, जोर लावून त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

आम्ही दर दोन आठवड्यांनी नवीन आवृत्ती बाहेर काढतो आणि तीही उशिरा आली म्हणून ओरडा खातो. इथे एक सरळ थांबा जमायला वर्ष जातं. ते वर्ष कुठेही नोंदलं जात नाही, ना वंशावळीत ना निकालात. आणि त्या वर्षातलं अर्धं काम मोतद्दाराचं असतं. पहाटे खरारा करताना पाय गरम लागला, वैरण उरली, कान मागे गेले, हे स्वाराच्या आधी त्याला कळतं. माझं स्पष्ट मत आहे की बक्षीस समारंभात त्याचं नाव घ्यायला हवं. घेत नाहीत.

२०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं. त्यात आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता, ६९.९४१ टक्के. आपल्या शाळेत एवढ्या टक्क्यांना पेढे वाटले नसते; ड्रेसाजमध्ये सत्तरच्या घरातले गुण म्हणजे उत्तम काम. पण ते घोडे युरोपातले, खास याच खेळासाठी पैदास केलेले. आपल्याकडे शिकाऊ मुलं बसतात ती बहुतेक शर्यतीतून आलेल्या घोड्यांवर. पदक परदेशी घोड्यानं आणलं याचं मला दुःख नाही. मात्र पहिल्यांदा पाठीवर घेणाऱ्या, पडू न देणाऱ्या या सेकंडहँड शिक्षकांचा कोणी हिशेब ठेवत नाही, ते खटकतं.

महालक्ष्मीची २११ एकर जागा आता वाटली जाते आहे, १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी. गिरण्यांच्या जागी टॉवर उगवताना पाहिलेली आपण माणसं, मोकळं मैदान लोकांना मिळतंय तर मी विरोध करणार नाही. फक्त त्या उरलेल्या भागात निवृत्त घोड्यांना आणि फी न परवडणाऱ्या महापालिका शाळेतल्या मुलांना एक कोपरा मिळावा, असं वाटतं. आपल्या बॅचमध्ये वकील आहेत, पालिकेत नोकरी करणारे तिघे आहेत. जेवणाच्या वेळी मी तुम्हाला गाठणार आहे, आधीच सांगून ठेवते.

गेल्या मोसमात एक तपकिरी घोडा आला होता. पूर्वी शर्यतीत पळालेला, आता बारा वर्षांचा. वर एक शाळकरी मुलगी. मधल्या रेषेवरून दुडकत आला आणि थांबला. चारही पाय जमिनीवर, कान तेवढे हलत होते. परीक्षक म्हणाले, ‘साडेसहा. सरळ, पण अजून जरा घाईत.’ मी लिहिलं. चेहरा कोरा ठेवणं त्या दिवशी जड गेलं.