मी कोण, हे कोणी ठरवावे?



मिश्र वंशाच्या मुलास जग विचारीत असते, "तू नक्की कोणाचा?" दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न सरकारनेच विचारला आणि उत्तरही सरकारनेच लिहिले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाच्या नावापुढे वंश चिकटविला: गोरा, काळा, किंवा दोहोंच्या मधला 'रंगीत'. संशय आला की केसांत पेन्सिल खोवून पाहत. खाली पडली तर गोरा, अडकली तर नव्हे! पेन्सिलीने माणूस मोजण्याची ही युक्ती आपल्या धर्मशास्त्र्यांनाही सुचली नव्हती.

सँड्रा लेंग १९५५ साली गोऱ्या म्हणून नोंदलेल्या दाम्पत्याच्या पोटी जन्मली. वर्ण सावळा, केस कुरळे. १९६६ साली पोलिसांनी तिला गोऱ्यांच्या शाळेतून घरी पोचविले व तिची नोंद 'रंगीत' झाली. बाप न्यायालयात झगडला. १९६७ साली कायदा बदलला आणि ती पुन्हा गोरी ठरली, पण कागदावर. गोऱ्या समाजाने तिला जवळ केले नाही. पुढे तिने एका आफ्रिकन पुरुषाशी संसार मांडला, तेव्हा आईबापांनीही दार लावून घेतले. आपली मुले हिरावली जाऊ नयेत म्हणून तिने स्वतःच 'रंगीत' होण्यासाठी अर्ज केला.

कातडी तीच, केस तेच. बदलत होता तो कारकुनाचा शेरा!

तो कायदा १९९१ साली रद्द झाला. सँड्राला तिची आई भेटली ती २००० साली, वृद्धाश्रमात. बाप तोवर वारला होता.