पाळी थांबल्यावर हाडांना काम द्या

(एग्मोर, चेन्नई येथे महिला कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबई, सोलापूर, नागपूरहून गाडीत अवघडून आलेल्या भगिनींना पहिल्याच सत्रात खुर्चीत बसवायचे आणि वर सांगायचे की बसून राहू नका, हा थोडा अन्यायच आहे. ज्यांची कंबर धरली असेल त्यांनी खुशाल मागे उभे राहून ऐकावे. विषयाला ते धरूनच होईल.

आपण जमलो आहोत त्या एग्मोरमध्ये स्त्रियांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. मद्रासमध्ये १८४४ साली सुरू झालेल्या प्रसूतिगृहातून ते वाढले. बाळंतपणाची व्यवस्था या शहरात इतकी जुनी. प्रसूती रजेचा प्रश्न आपणही मेळाव्यांतून मांडत आलो. पण पाळी थांबल्यानंतर बाईला पंचवीस-तीस वर्षे जगायचे असते, त्या वर्षांबद्दल आपल्या बैठकीत कोणी बोलत नाही. घरात तर नाहीच. आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी थांबते. म्हणजे निवृत्तीला अजून बारा-चौदा वर्षांची नोकरी बाकी असते.

हाड म्हणजे एकदा घडवलेला दगड नव्हे. रुळांची देखभाल करणाऱ्या भगिनींना हे लगेच कळेल. शरीरात दोन टोळ्या सतत काम करतात. एक जुने हाड उकरते, दुसरी नवे भरते. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक उकरणाऱ्या टोळीला आवरून धरणारा मुकादम. पाळी थांबते तेव्हा हा मुकादमच कामावरून जातो. उकरणे वाढते, भरणे मागे पडते, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत ही झीज सर्वांत वेगाने होते. दुखत काहीच नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडतो तेव्हाच पहिली सूचना मिळते.

आमच्याच टपाल छाननी विभागातील एक ताई ५३व्या वर्षी ओल्या फरशीवर घसरल्या. मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर सगळ्यांनी सांगितले, आता आराम करा, काही उचलू नका. सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. त्यांच्या हातातली लहान पिशवीसुद्धा आम्ही प्रेमाने काढून घेत असू. दोन वर्षांनी घरात गादी उचलताना त्यांच्या पाठीचा मणका दबला, आणि हाडांची तपासणी तेव्हा प्रथम झाली. मनगट मोडले तेव्हाच ती व्हायला हवी होती. आराम सांगणारे आम्ही चुकलो, हे इथे सांगितलेच पाहिजे.

हाडावर भार पडला तर ते टिकते, भार काढला तर झिजते. जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले की हाड आपल्यावरच्या भाराप्रमाणे घडत जाते. अंतराळात वजनच उरत नाही, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक टक्क्याहून अधिक झिजते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही तेच.

यावर भगिनी विचारतात, दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली बसचे वाहक-चालक आणि टपालखात्यातील माणसे अभ्यासली. जिने चढणाऱ्या वाहकांना आणि टपाल वाटत फिरणाऱ्यांना बसून काम करणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. पण ते हृदयाचे झाले. हाड रोजच्या त्याच त्या भाराला सरावते. काउंटरवर आठ तास उभे राहून पाय सुजतात, हाड मात्र वाढत नाही. त्याला थोडा वेळ, पण नेहमीपेक्षा अधिक भार लागतो, आणि तो हळूहळू वाढवावा लागतो. नुसत्या चालण्याने मणक्याला फारसा लाभ होत नाही. पोहणे, प्राणायाम चांगलेच, पण हाडावर वजन टाकत नाहीत.

ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांकडून प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजने उचलून घेतली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून थोडी अधिक घटली. म्हणून उद्याच कोणी टपालाची पोती खांद्यावर घेऊ नये! शिकवणारा हवा. मणका दबलेल्यांनी तर पुढे वाकण्याची आसने आणि झटके टाळावेत, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

बाकीच्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठावे-बसावे, टाचा उचलाव्यात, भिंतीला तळवे लावून दंड काढावेत. जिना असेल तिथे जिना चढावा. आणि काउंटरला एक हात धरून एका पायावर उभे राहावे, कारण हाड ठिसूळ असले तरी बाई पडलीच नाही तर बहुतेक वेळा खुबा वाचतो. तोल आणि ताकदीच्या व्यायामाने उतारवयात पडण्याचे प्रमाण जवळजवळ पाव हिश्शाने कमी होते, हे अनेक देशांतील पाहणीतून दिसले आहे.

आता आहार. पाळी थांबलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले. दूध-दही, तीळ आहेतच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. इथे चेन्नईत उन्हाळ्यात गाड्यावर केळ्वरगु कूळ विकतात ना, ती आपली नाचणीची आंबीलच. मीठ-कांद्यासह जरूर प्या. आणि ऊन घ्या. पहाटे अंधारात ड्यूटीला निघून संध्याकाळी परतणाऱ्या भगिनीला ड जीवनसत्त्व कुठून मिळणार? गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच.

काही गोष्टी मात्र एकटीच्या हातात नाहीत. काउंटरवर नीट खुर्ची आणि मधून उठायची मुभा, ओल्या फरश्या आणि मोडक्या पायऱ्यांची वेळेवर दुरुस्ती, पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले तर डेक्सा तपासणी. हे आपण शाखाशाखांतून लेखी मागितले पाहिजे. बंधूंनाही एक विनंती. घरी तिला आराम कर म्हणण्याऐवजी संध्याकाळचा स्वयंपाक अर्धा तास तुम्ही बघा.

चहा आला आहे असे दिसते. कप घेण्याआधी सर्वांनी हात न टेकता दहा वेळा खुर्चीतून उठून बसायचे आहे. अध्यक्षताई, सुरुवात आपल्यापासून.